वालचंद हिराचंद

वालचंद हिराचंद दोशी (२३ नोव्हेंबर १८८२, सोलापूर – ८ एप्रिल १९५३, सिद्धपूर, गुजरात) हे भारतीय उद्योजक होते. जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही वाहने भारतात तयार व्हावीत यासाठी त्यांनी कारखाने उभारले. पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर त्यांच्याच नावाने वसले आहे.

सुरुवातीचे जीवन

सावकारी व कापसाचा व्यापार करणाऱ्या दिगंबर जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या सेंट झेवियर्स आणि पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. घरच्या धंद्यात मन न रमल्याने, पूर्वी रेल्वेत कारकून असलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत ते रेल्वेच्या बांधकामांचे ठेके घेऊ लागले. बोरघाटातील बोगदे आणि तानसा तलावाचे पाणी मुंबईला आणणारी नळवाहिनी ही त्यांची पुढील काळातील मोठी कामे होत.

१९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी आदींसह त्यांनी सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ५ एप्रिल १९१९ रोजी तिचे 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. हे जहाज ग्वाल्हेरच्या महाराजांकडून विकत घेतलेले होते. देशात जहाज बांधण्यासाठी विशाखापट्टणम येथील गोदीची पायाभरणी १९४१ मध्ये झाली आणि तेथे बांधलेले 'जलउषा' १४ मार्च १९४८ रोजी पाण्यात उतरले.

विमान आणि मोटार

१९३९ मध्ये प्रवासात त्यांची अमेरिकन विमान व्यावसायिक विल्यम पॉली यांच्याशी गाठ पडली. त्यातूनच डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या भांडवली सहभागाने बंगळूर येथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. ऑगस्ट १९४१ मध्ये तेथे जोडलेले हार्लो जातीचे प्रशिक्षण विमान उडाले.

येथे खरी अडचण पत्रा घडवण्याची होती. सपाट पत्रा एकाच दिशेने वाकवणे सोपे असते. मात्र विमानाचे नाक, मोटारीचा मडगार्ड किंवा मोटारसायकलची पेट्रोलची टाकी यांना दोन्ही दिशांनी गोलाई असते. त्यासाठी पत्रा मध्यभागी ठोकून ताणावा आणि कडेला आक्रसून घ्यावा लागतो. ठोकता ठोकता तो कडक होतो, म्हणून तापवून पुन्हा मऊ करावा लागतो. मठाराची भांडी घडवणाऱ्या पुण्याच्या तांबट आळीतील कारागिरांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. परंतु हातोडीने घडवलेले दोन हंडे तंतोतंत सारखे नसले तरी चालते, विमानाच्या सुट्या भागांत ते चालत नाही. एकसारखे भाग हवे असतील, तर पोलादी साचे आणि प्रचंड दाबयंत्रे हवीत, आणि साच्यांचा खर्च मोठ्या उत्पादनाशिवाय भरून निघत नाही. त्यामुळे परदेशी सुटे भाग जोडून सुरुवात करणे हाच त्या काळात व्यवहार्य मार्ग होता. केवळ जोडकाम म्हणून त्याला कमी लेखणे योग्य ठरणार नाही. १९४२ मध्ये युद्धाच्या काळात सरकारने विमान कारखाना स्वतःकडे घेतला.

मोटारीच्या कारखान्याची योजना मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आधीच मांडली होती. वालचंदांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करारही केला, पण ब्रिटिश सरकारने या उद्योगाला साहाय्य नाकारले. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. मुंबईची टॅक्सी म्हणून पुढे परिचित झालेल्या फियाट व पद्मिनी याच कंपनीच्या.

१९४९ मध्ये पक्षाघाताचा झटका आल्यानंतर ते कारभारातून निवृत्त झाले.

वालचंदनगर

इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळरानावर १९३० च्या दशकात त्यांच्या उद्योगसमूहाने ऊसशेती आणि साखर कारखाना उभा केला. साखर कारखान्यात रस उकळण्याच्या कढया, बाष्पित्रे, टाक्या आणि नळ यांची दुरुस्ती सतत चालू असते. मुंबईहून कारागीर बोलावण्यापेक्षा जाड पत्रा वळवणारे, कापणारे आणि जोडणारे हात जवळच असणे सोयीचे ठरले. वालचंदांच्या मृत्यूनंतर येथील कार्यशाळा इतर कारखान्यांसाठी साखर यंत्रसामग्री बनवू लागल्या. पुढे वालचंदनगर इंडस्ट्रीजने भारतीय अवकाश कार्यक्रमातील अग्निबाणांच्या घन इंधन मोटरींची पोलादी कवचेही तयार केली.

सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांच्या नावाने ओळखले जाते. भारतीय टपाल खात्याने २००४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट प्रसिद्ध केले.