भोवऱ्यांचे गणित मांडणारा डॉक्टर

टाकीचे बूच काढले की पाणी गोल गोल फिरत खाली जाते. पुराच्या पाण्यात तर मोठे भोवरे दिसतात. या भोवऱ्यांचे नियम गणिताने कोणी मांडले, हे तुम्हांला ठाऊक आहे का? ते होते जर्मन शास्त्रज्ञ हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ.

त्यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ रोजी पॉट्सडॅम येथे झाला. वडील शिक्षक होते. लहानग्या हर्मानला पदार्थविज्ञानाची फार ओढ होती. वर्गात लॅटिनचा धडा चालू असताना तो बाकाखाली दुर्बिणीतल्या प्रकाशकिरणांचा हिशेब करत बसे. पण त्या विषयाच्या उच्च शिक्षणाचा खर्च वडिलांना झेपणारा नव्हता. सैन्यात डॉक्टरची नोकरी करण्याच्या अटीवर बर्लिनमध्ये वैद्यकीचे शिक्षण फुकट मिळत होते. हर्मानने ती वाट धरली.

पुढे ते सैन्यात डॉक्टर झाले. पण गणित आणि विज्ञान त्यांनी सोडले नाही. नोकरीत असतानाच, १८४७ साली, त्यांनी ऊर्जा कधी नष्ट होत नाही, या नियमावर प्रसिद्ध निबंध लिहिला. १८५१ साली डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण त्यांनी जगापुढे आणले.

१८५८ साली त्यांचा भोवऱ्यांवरील निबंध प्रसिद्ध झाला. द्रवात घर्षण मुळीच नसेल, तर फिरणारा भोवरा कधीच थांबणार नाही, हे त्यांनी गणिताने सिद्ध केले. खऱ्या पाण्यात घर्षण असते, म्हणून भोवरा हळूहळू विरतो. भोवरा द्रवाच्या मध्येच संपत नाही, हेही त्यांनी दाखवले. त्याची टोके द्रवाच्या कडेला पोहोचतात किंवा एकमेकांना जुळून त्याचे कडे बनते. धुराचे कडे तुम्ही पाहिले असेल. तो असाच एक भोवरा असतो.

१८६८ साली त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. वेगवेगळ्या वेगांनी वाहणारे दोन थर एकमेकांना लागून असले, की त्यांच्यामधली सीमा शंखाच्या वळणांसारखी गुंडाळत जाते. आकाशात कधी कधी ढगांची रांग समुद्राच्या लाटांसारखी दिसते, ती यामुळेच.

१८७१ साली ते बर्लिन विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. लहानपणीचे स्वप्न पन्नाशीच्या उंबरठ्यावर पूर्ण झाले! ८ सप्टेंबर १८९४ रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, आवडता विषय शिकण्याची वाट कधी बंद होते. तेव्हा मिळेल त्या वाटेने चालावे, पण तो विषय मनातून जाऊ देऊ नये. बादलीतले पाणी ढवळताना या डॉक्टरांची आठवण ठेवा.