अंधाराला पैसे पडत नाहीत

पितृपक्ष सरतो, घट बसतात आणि पेपरवाल्याकडे दिवाळी अंकांची नोंदणी सुरू होते. आमच्या घरी या दिवसांत 'नवल'ची वाट पाहिली जाई. अनंत अंतरकरांनी सुरू केलेल्या त्या अंकातल्या भयकथा मोठी माणसं आधी वाचत आणि मग आम्हा पोरांच्या हाती लागू नयेत म्हणून अंक कपाटावर ठेवून देत. आम्ही अर्थातच स्टूल लावून तो काढत असू. शरद ऋतू आणि भीती यांची सांगड अशी माझ्या मनात लहानपणीच बसली. पुढे कळलं, की तिकडे अमेरिकेतही पानं गळू लागली की लोकांना भुताखेतांची आठवण होते. ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनपर्यंत रोज रात्री एक भयपट पाहायचा, असा कित्येकांचा नेमच असतो.

मला सिनेमाचा नाद आहे हे ठाऊक असल्यामुळे ओळखीची तरुण मुलं ऑक्टोबरात हमखास विचारतात, की कोणता भयपट पाहावा. त्यांना रक्ताचे पाट वाहणारं काहीतरी हवं असतं. मी मात्र गेली कित्येक वर्षं एकच नाव सांगत आलो आहे : व्हॅल ल्यूटन. हा नट नव्हे, दिग्दर्शकही नव्हे, हा निर्माता. १९४२ ते १९४६ या काळात आरकेओ स्टुडिओसाठी त्याने नऊ स्वस्तातले भयपट काढले. सगळे कृष्णधवल, बहुतेक सव्वा तासाच्या आतबाहेरचे. आणि त्यांत दाखवलेलं असं फारच थोडं.

ल्यूटनचा जन्म १९०४ सालचा, क्रिमियातल्या याल्टाचा. आईने नवऱ्याला सोडलं आणि १९०९ मध्ये मुलगा व मुलगी घेऊन अमेरिका गाठली. मावशी तिथे होतीच. ही मावशी म्हणजे रंगभूमी आणि मूकपट गाजवणारी अला नाझिमोवा. बायकांच्याच घरात, गोष्टींच्या संगतीत हा मुलगा वाढला. कोलंबिया विद्यापीठात वृत्तपत्रविद्या शिकला. पुढे कादंबऱ्या लिहिल्या, मासिकांची पानं भरली, एमजीएमच्या प्रसिद्धी खात्यात काम केलं. लेखणीवर पोट भरणाऱ्या माणसाला जे जे करावं लागतं, ते सगळं केलं.

मग डेव्हिड सेल्झनिक या बड्या निर्मात्याने त्याला हॉलिवूडमध्ये बोलावलं. जवळजवळ आठ वर्षं ल्यूटन त्याच्या कथा विभागात होता. कथा वाचायच्या, पटकथा दुरुस्त करायच्या आणि धन्याचे लहरी हुकूम झेलायचे. 'गॉन विथ द विंड'मध्ये अटलांटाच्या रेल्वे स्थानकाबाहेर जखमी सैनिक पसरले आहेत आणि कॅमेरा वर वर जातो, ते प्रसिद्ध दृश्य आठवतं? ते म्हणे ल्यूटनने थट्टेने लिहिलं होतं. एवढ्या खर्चाचा प्रसंग कोण चित्रित करणार, अशी त्याची कल्पना! सेल्झनिकने तो चित्रित केला. ल्यूटनचं नाव मात्र कुठे झळकलं नाही.

१९४२ मध्ये आरकेओ अडचणीत होती. ऑर्सन वेल्सच्या 'सिटिझन केन'वर सुमारे ८ लाख डॉलर आणि पाठोपाठच्या 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स'वर १० लाखांच्या वर खर्च झाला होता आणि तो भरून निघाला नव्हता. नवे प्रमुख चार्ल्स कर्नर यांना कलाकृती नको होत्या, गल्ला हवा होता. शेजारची युनिव्हर्सल कंपनी फ्रँकेनस्टाइन आणि लांडगामानव यांच्या जोरावर पैसे कमवत होती. तसलंच काही काढण्यासाठी आठवड्याला २५० डॉलरवर ल्यूटनला आणलं गेलं. अटी तीन. खर्च दीड लाख डॉलरच्या आत. लांबी ७५ मिनिटांच्या आत. आणि चित्रपटाचं नाव कंपनी देणार. त्या नावाला साजेशी गोष्ट ल्यूटनने शोधायची.

पहिलं नाव मिळालं 'कॅट पीपल', म्हणजे मांजरमाणसं. आता यातली गंमत अशी, की ल्यूटनला मांजरांची मनापासून भीती वाटे. कुणी अंगाला हात लावलेलाही त्याला खपत नसे. त्याने मिशा लावलेला राक्षस उभा केला नाही. स्वतःची भीतीच कामाला लावली. इरेना ही न्यू यॉर्कमध्ये राहणारी सर्बियन चित्रकार तरुणी. नवरा जवळ आला तर आपलं रूपांतर बिबळ्यासारख्या श्वापदात होईल, अशा धास्तीने ती त्याला दूर ठेवते. लग्न मोडकळीला येतं आणि नवऱ्याच्या ऑफिसातली ॲलिस त्याच्या जवळ येते.

एका रात्री ॲलिस बागेच्या भिंतीकडेने एकटी चालली आहे. मागून बुटांच्या टाचांचा आवाज. दिव्याखालचा उजेड, मग अंधार, पुन्हा उजेड. एकाएकी मागचा आवाज थांबतो. आता काहीतरी झडप घालणार म्हणून आपण खुर्चीचा हात घट्ट धरतो आणि फिस्सकन आवाज होतो, तो बसच्या ब्रेकचा! संकलक मार्क रॉब्सनची ही करामत. आजही अशा हुलकावणीला चित्रपटवाले ल्यूटन बस म्हणतात.

दुसरा प्रसंग रात्रीच्या पोहण्याच्या तलावाचा. पाण्याची झाक छतावर हलते आहे, कुठूनतरी गुरगुर ऐकू येते आणि भिंतीवरून एक सावली सरकते. दिग्दर्शक जाक तुर्नरने ती स्वतःच्या मुठीने पाडली होती. जनावराचं भाडं नाही, रंगभूषेचा खर्च नाही. इरेनाच्या इमारतीतला जिना तर 'अँबरसन्स'च्या उरलेल्या सेटवरचा. अंधाराला पैसे पडत नाहीत, हे ल्यूटनने ओळखलं होतं. आणि पाहणारा त्या अंधारात आपापलं भूत आणून बसवतो, हेही.

चित्रपट चालला आणि लगेच पुढचं नाव आलं : 'आय वॉक्ड विथ अ झोंबी'. हे ऐकून कुणीही कपाळाला हात लावला असता. ल्यूटनने त्या नावाखाली 'जेन एअर' कॅरिबियन बेटावर नेली. उसाच्या शेतातून दोन बायका रात्री चालत जातात, तेवढं दृश्य पाहण्यासाठी तरी हा चित्रपट पाहावा. शिवाय त्या बंगल्याच्या अंगणात गुलामांच्या जहाजावरची एक लाकडी मूर्ती उभी आहे. बेटावरच्या दुःखाचं मूळ कुठे आहे, ते तिच्याकडे पाहून कळतं. १९४३ सालच्या अमेरिकेत एका स्वस्त भयपटाने एवढं सांगावं, हे थोडं नव्हे.

'द लेपर्ड मॅन'मध्ये आई मुलीला रात्री मक्याचं पीठ आणायला पिटाळते. परतताना श्वापद मागे लागतं. मुलगी दार ठोठावते. आईला वाटतं, पोरगी सबबी सांगते आहे. दार उघडायला ती उठते तेव्हा कडी अडकते. पुढचं सगळं दाराच्या आतून आपण फक्त ऐकतो आणि मग दाराखालून आत काय येतं, ते पाहतो. मी हे दृश्य चार-पाचदा पाहिलं आहे. दर वेळी मला त्या श्वापदाची नव्हे, त्या आईची भीती वाटते. आपणही असेच घरात बसून राहू, याची.

ल्यूटन प्रत्येक पटकथेचा शेवटचा खर्डा रात्र रात्र जागून स्वतः लिहून काढी. श्रेय घेत नसे. 'द बॉडी स्नॅचर' आणि 'बेडलम' या दोनांवर तेवढं कार्लोस कीथ हे टोपणनाव आहे. रॉब्सन आणि रॉबर्ट वाईज या दोन्ही संकलकांना त्यानेच दिग्दर्शक केलं. वाईजचा पहिला चित्रपट 'द कर्स ऑफ द कॅट पीपल'. नाव शापाचं, पण गोष्ट एका एकलकोंड्या मुलीची. ल्यूटनला त्याचं नाव 'एमी अँड हर फ्रेंड' ठेवायचं होतं. कंपनीने ऐकलं नाही. या मुलीने वाढदिवसाची आमंत्रणं पोस्टात न टाकता झाडाच्या ढोलीत टाकली आहेत. हा प्रसंग म्हणे ल्यूटनच्याच लहानपणचा.

सगळंच सुरळीत झालं नाही. 'द घोस्ट शिप'वर वाङ्मयचौर्याचा दावा लागला, ल्यूटन हरला आणि तो चित्रपट जवळजवळ अर्धशतक पडद्याआड गेला. फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसाचं काम करून थकलेला बोरिस कार्लॉफ आला, तेव्हा ल्यूटन आधी नाराजच होता. पण दोघांचं जमलं. स्टीव्हन्सनच्या कथेवरचा 'द बॉडी स्नॅचर' हा त्या मैत्रीचा ठेवा. त्यात रस्त्यावर गाणारी एक मुलगी कमानीखालच्या काळोखात जाते, घोडागाडी तिच्या मागून जाते आणि गाणं मध्येच तुटतं. बस, एवढंच.

१९४६ मध्ये 'बेडलम' तोट्यात गेला, पाठीराखे कर्नर वारले आणि ल्यूटनला आरकेओ सोडावी लागली. आता मोठ्या स्टुडिओंची दारं उघडली. पैसे वाढले, नावंही भारदस्त मिळाली. पण पाच वर्षांत जेमतेम तीन चित्रपट झाले आणि त्यांतल्या कशालाही जुनी सर नाही. रॉब्सन आणि वाईज यांच्याबरोबर कंपनी काढायचा बेत होता. त्यातूनही त्याला वगळण्यात आलं. हृदय आधीच अधू झालं होतं. १४ मार्च १९५१ रोजी, वयाच्या ४६व्या वर्षी तो गेला. वाईज पुढे 'द साउंड ऑफ म्युझिक'पर्यंत पोहोचला. ल्यूटनचं नाव ज्यांना हा नाद आहे त्यांच्याच तोंडी राहिलं. २००७ मध्ये मार्टिन स्कोर्सेसीने त्याच्यावर माहितीपट काढला, तेव्हा बाहेरच्यांना थोडंफार कळलं.

कोंडीमुळेच कला फुलते, असं मी म्हणणार नाही. कोंडीने त्याला पुरतं पोखरलं, हेही खरंच. पण एक गोष्ट मला लागून राहिली आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला पत्र पाठवलं होतं. मुखपृष्ठ छापून झालं आहे, चित्रात पडका वाडा आणि कंदील धरलेली बाई आहे, त्यावर बेतून पाच पानी भयकथा द्या. मला तो अपमान वाटला. मी उत्तरही दिलं नाही. ल्यूटनला हीच मागणी पुन्हा पुन्हा आली आणि प्रत्येक वेळी तो टेबलाशी जाऊन बसला.

तेव्हा या शरदात दिवे मालवा आणि 'कॅट पीपल'पासून सुरुवात करा. दुसऱ्या रात्री झोंबी, तिसऱ्या रात्री 'द सेव्हन्थ व्हिक्टिम'. त्याबद्दल मुद्दामच काही सांगत नाही. एमीची गोष्ट शेवटी ठेवा आणि घरात मूल असेल तर त्यालाही बरोबर घ्या. मी मात्र या वर्षी ते जुनं पत्र शोधणार आहे. कंदील धरलेली ती बाई इतकी वर्षं कुणाची वाट पाहत उभी आहे, ते एकदा लिहून बघायला हवं.