हात कुठं घालावा, कुठं आवरावा? राजर्षी शाहूंच्या कारभाराचा धडा

वाचकहो, संध्याकाळी पारावर घटकाभर बसा आणि गावकऱ्यांचे बोलणे ऐका. कांद्याचा भाव पडला की सरकार झोपले आहे का, असे आपण विचारतो. तोच भाव चढला आणि निर्यातीवर बंधन आले की सरकारने बाजारात पडूच नये, हेही आपणच म्हणतो. देवस्थानचा कारभार सरकारी समितीकडे गेला की निम्मे गाव खूश आणि निम्मे गाव नाराज. कुणाच्या लेकीने जातीबाहेर लग्न केले की आपल्याला पोलीस पाहिजेत, पण आपल्या घरातल्या भांडणात मात्र पोलीस नकोत. मग सरकारने नेमके कुठे पडावे आणि कुठे पडू नये? ज्याला जसे सोयीचे, तसे त्याचे उत्तर.

या प्रश्नावर मोठमोठे ग्रंथ आहेत. पण आपल्या मातीतच एक राजा असा होऊन गेला की त्याच्या अठ्ठावीस वर्षांच्या कारभारात बाजार, धर्म आणि घरसंसार या तिन्ही ठिकाणी हा प्रश्न उभा राहिला. तो राजा म्हणजे कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती. त्यांचा जन्मदिवस २६ जून हा २००६ पासून महाराष्ट्रात सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो. फोटोला हार घालणे सोपे आहे. त्यांचा कारभार समजून घेणे जरा अवघड, पण कामाचे आहे.

कागलचा मुलगा गादीवर आला

महाराजांचा जन्म १८७४ चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई. १८८४ साली त्यांना कोल्हापूरच्या गादीवर दत्तक घेतले आणि नाव ठेवले शाहू. शिक्षण राजकोटला आणि मग धारवाडला झाले. २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, कारभार हाती आला.

हाती आले ते काय? वर इंग्रजांचा पोलिटिकल एजंट आणि खाली पिढीजात वतनदार. मधली रयत अडाणी. दरबारच्या सामान्य कारभारात ७१ जागा होत्या, त्यातल्या ६० जागांवर एकाच जातीची माणसे. शेतकऱ्याचे पोर शिपाई व्हायचे, कारकून नाही. आणि गादीवर येऊन दोन-तीन वर्षे होताहेत तोच दुष्काळ आला. त्याच्या मागोमाग प्लेग.

बाजारात : ओटा सरकारचा, सौदा तुमचा

आधी बाजाराचे बघू, कारण तो आपल्या जिव्हाळ्याचा. कोल्हापूरचा गूळ तेव्हाही चांगलाच होता, पण हक्काची मोठी पेठ जवळ नव्हती. महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली. व्यापाऱ्यांना सवलतीने जागा देऊन बोलावले. पुढे कोल्हापुरी गुळाचे नाव देशभर झाले त्याचा पाया हा. वडिलांच्या नावाने जयसिंगपूर वसवले तेही असेच, व्यापार डोळ्यांपुढे ठेवून. १९०६ साली सूतगिरणी आणि कापड गिरणीचा पाया घातला. सहकारी संस्थांसाठी कायदा केला.

आता यात एक गोष्ट ध्यानात घ्या. पेठ वसवणे, जागा देणे, व्यापारी आणणे हे काम एकट्या-दुकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले नव्हते. ते दरबाराने केले. त्यानंतर गूळ कुणाला घालायचा आणि कुणी घ्यायचा, हा व्यवहार शेतकरी आणि अडत्या यांच्यात राहिला.

पण १८९६-९७ च्या दुष्काळात हाच राजा सरळ बाजारात उतरला. बाहेरून धान्य आणवून स्वस्त धान्याची दुकाने उघडली, तगाई दिली, कामे काढली. कामावर जाणाऱ्या बायाबापड्यांच्या लेकरांना सांभाळायला सोयी केल्या. तेव्हा बाजार आपला आपण सुधारेल म्हणून दरबार हातावर हात धरून बसला असता तर काय झाले असते? भाव उतरेपर्यंत गरीब माणूस जगलाच नसता. भुकेला माणूस भावाची घासाघीस करू शकत नाही, तिथे सौदा उरतच नाही.

तसेच पाण्याचे. विहीर शेतकरी पाडू शकतो, नदी अडवू शकत नाही. म्हणून भोगावतीवर राधानगरीच्या धरणाचे काम सुरू झाले. लेकीच्या नावाने गाव वसवले आणि एका लहान संस्थानाने हा डोंगराएवढा खर्च अंगावर घेतला. पहिल्या महायुद्धाच्या काळात महागाई वाढली, पैसा अपुरा पडला आणि १९१८ साली सुमारे चाळीस फुटांवर बांधकाम थांबले. ते पुरे व्हायला १९५७ साल उजाडले. त्या पाण्यावर आज ऊस घेणाऱ्याला हे ठाऊक असावे, एवढेच.

धर्मात : पूजेला हात नाही, वतनाला हात

धर्माचा मामला जास्त नाजूक. १८९९ साली पंचगंगेवर स्नानाच्या वेळी असे लक्षात आणून दिले गेले, की राजाचे पुरोहित वेदातले नव्हे तर पुराणातले मंत्र म्हणतात, म्हणजेच राजाला शूद्र समजून विधी करतात. यातून वेदोक्त प्रकरण उभे राहिले. राजोपाध्यांनी वेदोक्त विधी करायला नकार दिला. महाराजांनी बराच काळ वाट पाहिली, समजावले, आणि शेवटी १९०२ साली त्यांची वतने जप्त केली. गावोगाव वाद पेटला. टिळकांचा केसरी महाराजांच्या विरोधात उभा राहिला. प्रकरण थेट व्हाइसरॉयपर्यंत गेले आणि निकाल महाराजांच्या बाजूने राहिला.

काही लोक म्हणाले, राजाने धर्मात ढवळाढवळ केली. पण नीट बघा. राजोपाध्यांनी आपल्या घरी कोणते मंत्र म्हणावेत, हे दरबाराने सांगितले नाही. दरबाराने एवढेच ठरवले, की वतन हे चाकरीसाठी दिलेले असते. चाकरी करायची नसेल तर वतनही ठेवता येणार नाही. माणसाची श्रद्धा त्याची, पण सरकारी तिजोरीतून चालणारी गोष्ट सगळ्यांची. त्यात कुणाला हलके लेखून चालणार नाही.

त्याच हिशेबाने १९१७ साली त्यांनी देवस्थानांच्या उत्पन्नाकडे लक्ष वळवले आणि ते पैसे शिक्षणाकडे लावण्याची वाट काढली. मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा जातीजातींच्या मुलांसाठी १९०१ पासून वसतिगृहे उभी राहिली होतीच. कुराणाचे मराठी भाषांतर व्हावे म्हणून पंचवीस हजार रुपये द्यायची तयारी दाखवणारा राजाही हाच.

मात्र एका ठिकाणी थांबून विचार करावा लागतो. १९२० साली त्यांनी मराठ्यांसाठी वेगळे क्षात्रजगद्गुरूपद निर्माण केले आणि पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठावर सदाशिवराव पाटील यांना बसवले. पुरोहितांची मक्तेदारी मोडायची हा हेतू कळतो. पण धर्मगुरू नेमणे हे राजाचे काम आहे का? एक मक्तेदारी मोडायला दुसरे पीठ उभे करावे का? त्यांना मानणाऱ्यांनाही हा निर्णय तेव्हा पुरता पटला नव्हता. आम्हालाही इथे हात जरा जास्त लांब गेला असे वाटते.

घरात : दार कुणासाठी उघडले?

तिसरी जागा घरसंसाराची. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा हुकूम निघाला आणि १९१८ पासून शाळा सुरू झाल्या. मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळी रुपया म्हणजे गंमत नव्हती. गुरे कोण राखणार, शेण कोण काढणार, असा प्रश्न तेव्हाच्या बापापुढेही होता. तरी सक्ती केली, कारण त्या पोराला स्वतःहून शाळा मागता येत नव्हती.

१९१७ साली विधवांच्या पुनर्विवाहाच्या नोंदणीचा कायदा झाला. विठ्ठलभाई पटेलांनी आंतरजातीय विवाहाचे विधेयक दिल्लीच्या कायदेमंडळात मांडले, त्याला देशभर विरोध झाला; महाराजांनी १९१९ साली तसा कायदा आपल्या संस्थानात करून दाखवला. त्याच वर्षी काडीमोडाचा आणि बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा केला. १९२० साली अनौरस मुले आणि जोगतिणी यांच्या वारसा हक्काचा कायदा आला.

हे सगळे घरात शिरणे नव्हे का? वरवर बघाल तर आहे. पण यातल्या एकाही कायद्याने कुणाला जातीबाहेर लग्न करायला लावले नाही, की कुणा विधवेला दुसरा पाट लावायला लावले नाही. ज्यांना करायचे आहे त्यांना अडवू नका, एवढेच सांगितले. घराचे दार सरकारने मोडले नाही. आत कोंडलेल्या माणसासाठी बाहेरची कडी काढली.

सरकारने स्वतःला आवरले

आता सर्वांत महत्त्वाचे. हात घालणारे राजे पुष्कळ झाले, स्वतःच्या अधिकाऱ्यांचा हात आवरणारे थोडे. अमुक जातीत जन्मला म्हणजे चोर, असे धरून कित्येक जमातींच्या माणसांना गावात रोज हजेरी द्यावी लागे. कामाला परगावी जायची चोरी, पाहुणा आला तरी संशय. १९१८ साली महाराजांनी ही हजेरी बंद केली. फासेपारध्यांना जवळ करून पहाऱ्याच्या कामावर ठेवले.

महारांच्या वतनाचेही तसेच. जमिनीचा तुकडा सगळ्या भावकीत मिळून आणि त्या बदल्यात सरकारची आणि गावाची रात्रंदिवस चाकरी. ते वतन रद्द करून जमिनी ज्याच्या त्याच्या नावावर रयताव्याने करून दिल्या. वेठबिगार बंद केली. पिढीजात कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमला. त्या घरांची नाराजी झाली, पण गावाचे दप्तर कुणाच्या बापाची मिळकत राहिली नाही. आणि याच्याही आधी, २६ जुलै १९०२ रोजी, रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांसाठी राखण्याचा हुकूम निघाला तो दरबाराच्या स्वतःच्या नोकऱ्यांसाठीच.

जिथे कायदा पोचत नाही

काही गोष्टी हुकुमाने होत नाहीत. १९१९ साली सार्वजनिक विहिरी, शाळा, दवाखाने सर्वांना खुले केल्याचा हुकूम निघाला. पण मनातला विटाळ हुकुमाने कसा जाणार? गंगाराम कांबळे नावाचा दरबारी पागेतला नोकर. हौदाला शिवला म्हणून इतर नोकरांनी त्याला मारले. महाराजांनी मारणाऱ्यांना स्वतः चाबकाने फोडले असे सांगतात. गंगारामला चहाचे हॉटेल काढायला मदत केली. गिऱ्हाईक कुठून येणार? मग महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले. बरोबरच्या मानकऱ्यांनाही घ्यावा लागे. त्या हॉटेलात चहा प्यालाच पाहिजे असा कायदा त्यांनी काढला नाही. राजा प्याला, मग इतरांना कारण उरले नाही. महाराज गेल्यावर कोल्हापुरात त्यांचे पहिले स्मारक उभारण्यात पुढाकार याच गंगारामचा होता.

त्या चाबकाचे मात्र आज समर्थन करता येणार नाही. ना साक्ष, ना पुरावा, ना वकील. त्यांच्या कारभारातली उणी बाजू ती हीच. सगळे एका माणसाच्या भलेपणावर चालले होते. माणूस भला होता म्हणून भागले. चुकला तर अडवणारे कुणी नव्हते, आणि ६ मे १९२२ रोजी मुंबईत वयाच्या ४७ व्या वर्षी तो गेला तेव्हा कितीतरी कामे अर्धी राहिली.

वाचकहो, आज गादी नाही. लगाम आपल्या हातात आहे, म्हणून जबाबदारीही आपली. पुढच्या ग्रामसभेत देवळाचा, बाजाराचा किंवा कुणाच्या घरचा प्रश्न निघाला, तर बाजू घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. हे काम ज्याचे त्याला एकट्याने करता येण्यासारखे आहे का? इथे दुबळ्याला तोंड उघडायची सोय आहे का? आणि सरकार जे दुसऱ्याला सांगते आहे, ते स्वतः पाळते आहे का? आपल्या फायद्याचा निर्णय असला तरी हेच तीन प्रश्न विचारायचे. कठीण आहे, पण शाहू महाराजांचे नाव घ्यायचे तर तेवढे केलेच पाहिजे.