अकाउंटंट रामन!

प्लेसमेंटचे दिवस आले की होस्टेलवर रात्री एकच विषय चालतो. मेकॅनिकलचा अमुक बँकेत गेला, सिव्हिलची तमुक फायनान्समध्ये गेली... मग कोणीतरी म्हणतंच, चार वर्षं फुकट गेली! अशा वेळी मला सर सी. व्ही. रामन आठवतात. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला आपण त्यांच्या फोटोला हार घालतो, पण हा माणूस दहा वर्षं सरकारी हिशेब तपासत होता, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. वडील गणित आणि फिजिक्स शिकवायचे. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०४ साली रामन बी.ए. झाले, तेही पहिल्या नंबराने. १९०७ मध्ये एम.ए. झाले. त्याआधीच, १९०६ साली, त्यांचा प्रकाशावरचा शोधनिबंध लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझीन’मध्ये छापून आला होता. तेव्हा वय फक्त १८!

पण पुढे काय? त्या काळी फिजिक्स शिकलेल्या भारतीय मुलाला इथे संशोधनाची नोकरी मिळणं जवळजवळ अशक्य होतं. इंग्लंडला जावं, तर डॉक्टरांनी प्रकृती पाहून साफ नाही म्हटलं. थोरले भाऊ सरकारच्या वित्त खात्यात होते. रामन यांनी त्याच खात्याची परीक्षा दिली आणि पहिले आले. जून १९०७ मध्ये ते कलकत्त्याला असिस्टंट अकाउंटंट जनरल म्हणून रुजू झाले.

खरी गोष्ट इथून सुरू होते. एकदा ट्रामने जाताना बहूबाजार रस्त्यावर त्यांना ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ अशी पाटी दिसली. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली काढलेली ही संस्था, पण प्रयोगशाळा बहुतेक रिकामीच असायची. रामन यांनी जाऊन दार ठोठावलं. ज्यांनी दार उघडलं, ते आशुतोष डे पुढे कित्येक वर्षं त्यांचे मदतनीस झाले. मग दिनक्रमच ठरला. सकाळी प्रयोगशाळा, दिवसभर ऑफिस, संध्याकाळी पुन्हा प्रयोगशाळा. मधे रंगूनला आणि आपल्या नागपूरला बदली झाली, तेव्हा घरातच प्रयोग मांडले. १९०९ साली तर चक्क एकतारीवर शोधनिबंध लिहिला!

१९१७ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने त्यांना पालित प्रोफेसर म्हणून बोलावलं. पगार जवळजवळ निम्मा होणार होता. इकडे मोठा हुद्दा आणि पुढे बढत्याही होत्या. रामन यांनी राजीनामा दिला.

त्याच बहूबाजारच्या प्रयोगशाळेत २८ फेब्रुवारी १९२८ रोजी ‘रामन परिणाम’ सापडला आणि १९३० साली नोबेल मिळालं. १९५४ मध्ये भारतरत्न झाले. २१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगळूरला त्यांचं निधन झालं.

मित्रांनो, घर चालवायला दुसऱ्या फील्डमधली नोकरी धरावी लागली, तर त्यात कमीपणा कसला? रामन यांनीही धरली. फक्त ऑफिस सुटल्यावर ते कुठे जायचे, तेवढं आपण लक्षात ठेवू या.