इस्मत चुगताई : एका कथेचे ऋण आणि ओझे

उर्दू कथा-कादंबरीत निर्भीड लेखनासाठी ख्यातनाम झालेल्या इस्मत चुगताई यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१५ रोजी तत्कालीन संयुक्त प्रांतातील बदायूं येथे झाला. दहा भावंडांत त्या नवव्या. थोरल्या बहिणी विवाह होऊन गेल्यामुळे त्यांचे बालपण भावांच्या संगतीत गेले. थोरले बंधू अझीम बेग हे स्वतः नामवंत लेखक होते. लखनौच्या इझाबेला थोबर्न महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. 'अंगारे' या १९३२ सालच्या वादग्रस्त संग्रहातील एक लेखिका डॉ. रशीद जहाँ यांच्या मोकळ्या वृत्तीचा त्यांच्यावर खोल संस्कार झाला. शाळा-निरीक्षक म्हणून त्या मुंबईस आल्या, १९४२ साली शाहिद लतीफ यांच्याशी विवाहबद्ध झाल्या आणि पुढे मुंबईच्याच झाल्या.

त्याच वर्षी लाहोरच्या 'अदब-ए-लतीफ' मासिकात त्यांची 'लिहाफ' ही कथा प्रसिद्ध झाली. तरुण मुलांच्या सहवासात रमणारा नवाब, जनानखान्यात उपेक्षित पडलेली बेगमजान आणि तिची दासी रब्बू यांची ही कहाणी एका अजाण मुलीच्या नजरेतून सांगितली आहे. मुलीला दिसते ती केवळ भिंतीवर हलणारी रजईची सावली. अर्थ लावण्याचे काम वाचकाकडे राहते. नेमका हाच संयम पुढे न्यायालयात कामी आला. १९४४च्या अखेरीस अश्लीलतेच्या आरोपाचे समन्स आले, तेव्हा त्यांची कन्या तान्ही होती. 'बू' या कथेसाठी सआदत हसन मंटो यांच्यावरही खटला होता. दोघांनी मिळून लाहोरची वारी केली. साक्षीदारांना कथेत एकही अश्लील शब्द दाखवता आला नाही आणि लेखिका निर्दोष सुटल्या. मराठी अभ्यासकास येथे 'समाजस्वास्थ्य'कार र. धों. कर्वे यांचा १९३४चा खटला आठवेल. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून तो झाला, डॉ. आंबेडकरांनी बाजू मांडूनही कर्वे यांना दंड भरावा लागला.

न्यायालयाने मुक्त केले तरी वाचकांनी मुक्त केले नाही. शिव्यांची पत्रे घरी येत राहिली, आणि पुढे काहीही लिहिले तरी ओळख 'लिहाफ'चीच राहिली. वस्तुतः 'टेढी लकीर' या कादंबरीत शम्मनच्या शालेय व वसतिगृहातील जीवनाच्या निमित्ताने मुलींच्या परस्पर आकर्षणाचे चित्रण त्यांनी अधिक विस्ताराने केले होते. पण ते या कथेच्या छायेत झाकले गेले.

या ओझ्याची भरपाई एका अनपेक्षित भेटीने झाली. जिच्या जीवनावरून कथा सुचली ती स्त्री कित्येक वर्षांनी अलीगढ येथे भेटली. लेखिकेच्या मनात धास्ती होती. परंतु त्या स्त्रीने प्रेमाने जवळ घेतले, नवाबापासून विभक्त होऊन पुन्हा विवाह केल्याचे सांगितले आणि आपला मुलगा दाखवला. आत्मकथनात इस्मत चुगताई यांनी हा प्रसंग आपल्या लेखनाचे सार्थक म्हणून नोंदवला आहे.

आजच्या समीक्षकास मात्र येथेच प्रश्न पडतो. बेगमजानची ओढ ही उपेक्षेतून आलेली विकृती, की तिची स्वतःची इच्छा? कथेतील मुलीला बेगमची भीती वाटते, आणि वास्तवातील सुटका विवाह व अपत्य यांच्या रूपाने येते. लेखिकेने समलिंगी प्रेमाचा पुरस्कार केला असे म्हणणे त्यामुळे अतिशयोक्तीचे होईल. ज्याला भाषेत जागा नव्हती त्याला त्यांनी कथेत जागा दिली, एवढे मात्र निर्विवाद होय. मराठी रंगभूमीवर विजय तेंडुलकर यांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ साली आले; समलिंगी संबंधांना गुन्हा मानणारा कायदा सर्वोच्च न्यायालयाने शिथिल केला तो २०१८ साली.

'गर्म हवा' (१९७३) या चित्रपटाची मूळ कथा त्यांचीच. १९७६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २४ ऑक्टोबर १९९१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, आणि त्यांच्याच इच्छेनुसार दफनाऐवजी दहन करण्यात आले.