दूरच्या बिंदूची कथा

जानेवारी १९२० मध्ये नागपूरला भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन भरले. आपले बऱ्हाणपूर त्या वेळी मध्य प्रांतात होते आणि नागपूर ही त्या प्रांताची राजधानी. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील पदार्थविज्ञानाचे एक तरुण प्राध्यापक तेथे आले होते. प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी त्यांच्यावर कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचा अभ्यास सोपविला. ते प्राध्यापक म्हणजे प्रशांतचंद्र महालनोबिस.

त्यांचा जन्म २९ जून १८९३ रोजी कलकत्त्यास झाला. केंब्रिजहून १९१५ मध्ये परतताना ‘बायोमेट्रिका’चे अंक त्यांनी बरोबर आणले आणि संख्याशास्त्राची गोडी लागली ती कायमची. १९३१ मध्ये त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था स्थापिली. छापील आकड्यांवर ते डोळे मिटून विश्वास ठेवीत नसत. रिस्ले यांनी बंगालमधील जातिजमातींची घेतलेली जुनी मापे त्यांनी बारकाईने तपासली व त्यांतील चुका दुरुस्त करून १९३३ मध्ये प्रसिद्ध केल्या.

१९३६ मध्ये त्यांनी अंतराची नवी कल्पना मांडली. उंच माणूस वजनदार असणे स्वाभाविक; पण उंच असून अगदी हलका असलेला माणूस समूहापासून दूर पडतो. उंची व वजन वेगवेगळे पाहिले तर तो नजरेतून सुटतो. म्हणून मापांचा पसारा आणि त्यांचा परस्परसंबंध, दोन्ही हिशेबात घेऊन अंतर मोजावयाचे.

समाश्रयणात, म्हणजे रिग्रेशनमध्ये, याचा फार उपयोग होतो. समजा, आपण केळीच्या २० बागांचे पाणी व उत्पन्न आलेखावर मांडले. १९ बागांना पाणी जवळपास सारखे, विसाव्या बागेला तिप्पट. हा एकटा बिंदू रेषेला आपल्याकडे ओढतो. रेषा त्याच्या जवळून जाते, त्यामुळे त्याची त्रुटी लहान दिसते आणि संशय दुसऱ्यांवर जातो! महालनोबिस यांचे अंतर त्याला उघडे पाडते. पुढे १९७७ मध्ये डेनिस कुक यांनी एक निरीक्षण वगळल्यास सारे उत्तर किती हलते, हे मोजण्याचे माप दिले.

मात्र असा बिंदू सापडला की तो खोडून टाकावयाचा नाही. ती लिहिणाऱ्याची चूक असेल, किंवा त्या बागेने काही नवे सत्य सांगितले असेल. आधी बागेत जाऊन पाहावे.

२८ जून १९७२ रोजी, ७९व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, महालनोबिस निवर्तले. २००७ पासून २९ जून हा सांख्यिकी दिन म्हणून साजरा होतो. प्रयोगवहीतील नको असलेला आकडा गुपचूप खोडण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी त्यांचे स्मरण करावे.