दोन वर्षं न खपलेला नांगर

दोस्तांनो, तुमच्यापैकी कुणी नांदेडच्या एसजीजीएसमध्ये असेल, कुणी लातूरच्या पॉलिटेक्निकला. इंटर्नशिपला एमआयडीसीत गेलात की एक शब्द कानावर पडतो, ‘फर्स्ट पीस’. मशीनचं सेटिंग झालं की पहिला जॉब काढायचा, व्हर्नियर लावून ड्रॉइंगशी ताडून बघायचा. क्वालिटीवाल्यांनी ओके दिल्याशिवाय लॉट सुरू करायचा नाही. सेटिंग चुकलेलं असेल तर एकच जॉब भंगारात जातो, पाचशे नाही. कंटाळवाणं वाटतं ना? मग लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट ऐका.

जन्म १८६९चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. व्हायचं होतं चित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेलेही, पण काही रंग नीट ओळखता येत नाहीत हे कळलं आणि ती वाट बंद झाली. मग यांत्रिक ड्रॉइंग शिकले, व्हीजेटीआयमध्ये तेच शिकवू लागले. हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली, तशी नोकरी सोडून बेळगावला आले. भाऊ रामुअण्णांबरोबर सायकलचं दुकान चालवलं, पुढे कडबा कापायचं यंत्र केलं आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर.

ड्रॉइंगमध्ये माणूस एकदम पक्का. तरी नांगर खपेना! लोखंडानं जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांना धास्ती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली.

पण शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळे होऊ नका. घरी शेती असेल तर आजोबांना विचारा. फाळ मऊ असला तर लवकर झिजतो, फाजील कडक असला तर दगडाला लागून तुकडा उडतो. नांगर ओढायला जड झाला तर बैल थकतात आणि पेरणी लांबते. यातलं व्हर्नियर काय सांगणार? माप बरोबर आलं म्हणजे वस्तू ड्रॉइंगप्रमाणे झाली, एवढंच. ती कामाची आहे का, ते रानात कळतं. कारखान्यात या दुसऱ्या परीक्षेला व्हॅलिडेशन म्हणतात.

त्या परीक्षेत नांगर पास झाला. १९१० मध्ये औंध संस्थानानं दिलेल्या, निवडुंग माजलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. १९५६ मध्ये लक्ष्मणराव गेले, तोवर पंप आणि इंजिनांवरही किर्लोस्कर हे नाव घरोघर पोचलं होतं.

तेव्हा उद्या प्रोजेक्टचं मॉडेल लॅबमध्ये चाललं, की लगेच सेल्फी काढून मोकळे होऊ नका. ज्याच्यासाठी केलंय, त्याच्या हातात आठ दिवस द्या. तो नाक मुरडेल, तक्रारी सांगेल. वाद घालू नका, वही काढा आणि लिहून घ्या.